पयला, पहेलो, पेलो

त्या खुनाचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जाते. नव्वदच्या दशकात सुरतेच्या उधन्यात राहिलेली चार मराठी माणसं लग्नाबारशाला एकत्र बसली की तो विषय निघतोच, आणि प्रत्येकाकडे स्वतःचा निकाल तयार असतो. कुणी म्हणतं गोळ्या दोनच झाल्या, कागदावर तीन दाखवल्या. कुणी म्हणतं पार्टीतल्याच लोकांनी काटा काढला. पिस्तूल खाडीच्या गाळात सापडलं म्हणे, पण भर पावसाळ्यात खाडी दुथडी वाहत असताना गाळ दिसला कुणाला, असं एक काका दर वेळी विचारतात आणि शाल-नारळ मिळाल्यासारखे सगळ्यांकडे बघतात. मी आत गॅससमोर उभी राहते. या सगळ्यांच्या शंका दुरून बघणाऱ्यांच्या आहेत. माझी शंका एका शब्दाची आहे, आणि तो शब्द माझ्या तोंडून गेलेला आहे.

ज्यांचा खून झाला त्यांचं नाव मी लिहीत नाही. लूम कामगारांचे ते पुढारी होते. आमच्याकडच्या निम्म्या भिंतींवर त्यांचं नाव रंगवलेलं होतं आणि येत्या निवडणुकीत ते आमदार होणार हे भाजीवालीसुद्धा सांगायची. सगळे त्यांना साहेब म्हणत. साहेबांनी आम्हाला रेशनकार्ड मिळवून दिलं होतं, म्हणून आमच्या खोलीत देवांच्या शेजारी त्यांचाही फोटो होता. प्लेगच्या आदल्या वर्षी, एका सकाळी सात वाजता, खात्याच्या फाटकासमोर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला आमचे लोक खातं म्हणतात. रातपाळी सुटत होती आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्यांत सगळ्यात पुढे माझे वडील होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना खानदेशातून सुरतेला आले ते माझ्या जन्माआधी, आणि मला कळायला लागल्यापासून त्यांचे कान गेलेलेच होते. लूमच्या खडखडाटात बारा-बारा तास उभं राहणाऱ्याचे कान जातातच, त्यात नवल नाही. नवल नानांच्या मानी स्वभावाचं होतं. ऐकू येत नाही हे ते कबूल करायचे नाहीत. कुणी काहीही म्हटलं की ठामपणे मान हलवून ‘हां’ म्हणायचे. आई खेकसायची, "त्येस्ले इचारा घर इकू का, तं बी हां म्हनतीन!" म्हणून आमच्या घरात एक नियमच होता. नानांशी बोलायचं तर आधी समोर जायचं, त्यांची नजर आपल्या तोंडावर आली की मगच बोलायचं. ते ओठ वाचायचे, आणि झकास वाचायचे. खात्यात सगळे तसेच बोलतात, ओठांनी आणि बोटांनी. एक बोट वर केलं की पहिला लूम, दोन केली की दुसरा. नानांची ही सवय घरीही सुटली नव्हती. ‘पहिला’ म्हणताना त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वर जायचं. त्याच बोटाला कधीतरी लूममधलं धावतं शटल लागलं होतं, त्यामुळे ते सरळ वर जायचं नाही. पुढे झुकायचं.

मी तेव्हा मराठी शाळेत पहिलीच्या वर्गावर होते. त्या दिवशी दुसरा तास चालू असताना शिपाई सांगत आला, तुमच्या वडलांना चौकीत बसवलंय, ते नीट उत्तरं देत नाहीत, तुम्हाला बोलावलंय. मी पोरांना पाढे म्हणायला लावून धावत गेले.

चौकीत नाना एका लाकडी खुर्चीवर बसले होते. रात्रभराचे जागलेले डोळे, कपड्यांवर सुताचे तंतू. समोर टेबलाशी जबाब लिहिणारा, पन्नाशीचा, सभ्य वाटणारा गुजराती माणूस. भिंतीकडेच्या बाकावर एक दांडगा तरुण बसलेला, दोन हवालदारांच्या मध्ये. तो कोण हे मला माहीत नव्हतं. नंतर कळलं. मराठवाड्याकडचा लूम कामगार. आदल्या आठवड्यात सभेत उभा राहून त्याने साहेबांना तोंडावर दलाल म्हटलं होतं, म्हणून सकाळीच घरून उचलून आणलेला.

मला बघून नानांचा चेहरा सुटला. मी समोर बसून त्यांना विचारत गेले आणि ते सांगत गेले. "साहेब चालत ऊनात. माले वाटनं, बूट बांधाले बठनात." आवाज त्यांना ऐकूच आला नव्हता. त्यांनी फक्त पाहिलं होतं. साहेब खाली बसले, ते उठलेच नाहीत. "रिक्षामाईन दोन जन उतरनात," नाना म्हणाले. रिक्षातून दोघे उतरले, हे मी गुजरातीत सांगितलं.

"बोलो काका, कोणे मारी?" गोळी कुणी मारली, असं लिहिणाऱ्याने थेट नानांनाच विचारलं, हातवारे करून.

नानांना ते बरोबर कळलं. "पयलानी," ते म्हणाले. "पयला!" आणि बोट वर केलं.

लिहिणाऱ्याने बोटाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि लिहिलं. मी हे आज असं सलग लिहिते आहे, पण तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नाही. नाना जे म्हणाले ते मला कळलं होतं, म्हणजे ते सगळ्यांनाच कळलं असणार असं मी धरून चालले. मास्तरणींना ही खोड असते.

शेवटी त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "बेन, वांची संभळावो एमने." वाचून ऐकवा त्यांना.

मी सुरतेत जन्मले, गुजराती फडाफडा बोलते, पण तेव्हा वाचायची वेळ आली की माझी तारांबळ उडायची. शिकले मराठी शाळेत, गुजराती अक्षर दुकानांच्या पाट्यांवरून उचललेलं. त्यात त्याचं ते घाईचं, पायात पाय घातलेलं हस्ताक्षर. पण चार पोलिसांसमोर मला वाचता येत नाही असं कोण म्हणणार? नानांचीच मुलगी मी. कागद डोळ्यांशी धरला, मान खाली घातली आणि अडखळत, अंदाजाने, पण मोठ्या आवाजात वाचून दाखवला. वाचताना एकदाही मान वर केली नाही. संपल्यावर पाहिलं तर नाना मान हलवत होते. "हां," म्हणाले. सही केली. अशी सही घ्यायचीच नसते, हे मला पुढे वकिलाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बाकावरच्या त्या तरुणाचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की प्रत्यक्षदर्शी कामगाराने चौकीत त्याच्याकडे बोट दाखवून ओळख पटवली. मी ते नानांना वाचून दाखवलं, या वेळी समोर बसून. नाना चवताळले. "मी असं कव्हय सांगं? पयला तं बारीक व्हता, डोकं पिकेल व्हतं त्यानं. हाऊ तं जाडा पोऱ्या शे!"

मी त्यांना म्हटलं, पेपरवाले काहीही छापतात. खरंच तसं वाटलं मला. तीन दिवस तसंच वाटत राहिलं. चौथ्या दिवशी वर्गात कुणीतरी फळ्यावर रेघोट्या मारल्या होत्या. मी ओरडले, "पहिला कोण उठला होता जागेवरून?" आणि इथेच जन्मलेलं, घरी मराठी नि गल्लीत गुजराती बोलणारं एक पोर बोट रोखून म्हणालं, "पेलो, बाई! पेलो!"

त्याने दाखवलेल्या पोराकडे मी पाहिलंच नाही. खडू हातात तसाच राहिला. गुजरातीत पहिला म्हणजे ‘पहेलो’, आणि ‘पेलो’ म्हणजे तो, तो तिथला. सुरती माणूस बोलताना ‘ह’ गिळतो, त्यामुळे दोन्ही कानाला सारखेच. आणि आमचे खानदेशी म्हणतात पयला. नाना म्हणाले होते पहिला, रिक्षातून आधी उतरलेला. लिहिणाऱ्याने ऐकलं होतं ‘पेला’, म्हणजे पेलोच, तो तिथला. वर ते वाकडं बोट बाकाकडे झुकलेलं.

मग मी काय वाचलं होतं? ‘पहेला माणसे’, पहिल्या माणसाने, की ‘पेला माणसे’, त्या माणसाने? मी डोळे मिटून तो कागद आठवायचा प्रयत्न केला. मला त्यावर ‘पहेला’तला ‘हे’ दिसतो. आजही दिसतो, वेलांटीच्या शेपटासारखा, दोन अक्षरांच्या मध्ये दबलेला. पण तो कागदावर होता की मी मनातून वाचला, हे मला सांगता येत नाही. नाना काय म्हणाले ते माहीत असणाऱ्याला तेच दिसणार. पोरं धडा पाठ असला की पुस्तक उलटं धरूनही वाचतात.

शाळा सुटताच नानांना घेऊन चौकीत गेले. लिहिणारा रजेवर होता. दुसऱ्या दिवशी गेलो, तर तिथल्या इन्स्पेक्टरांना वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी मी जवळजवळ ओरडूनच सगळं सांगितलं, पयला आणि पहेलो आणि पेलो. एक हवालदार हसू दाबत होता. इन्स्पेक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लखाई गयुं, बेन. हवे कोर्टमां बोलजो." लिहून झालं, आता कोर्टात बोला. मी म्हटलं, पण तोवर तुम्ही खरा माणूस शोधणार की नाही? त्यांनी पुढची फाइल ओढली. तो माणूस मिळाला होता, मग शोधायचं कुणाला?

त्या आठवड्यात साहेबांची शोकसभा झाली. पार्टीच्या लोकांनी नानांना घरून नेलं आणि स्टेजवर चढवून हार घातला. न घाबरता साक्ष देणारा कामगार! भाषण करणारा नानांकडे हात करून म्हणाला, "यांनी त्या नराधमाला ओळखलं की नाही?" आणि नाना हजार माणसांसमोर, गळ्यात झेंडू घालून, मान हलवत राहिले. मी खाली बायकांत बसले होते. मला रडू येत होतं आणि शेजारची बाई कौतुकाने माझ्या पाठीवर हात फिरवत होती. घरी येऊन मी नानांवर नाही नाही ते बोलले, पण पाठमोरी. समोर जाऊन बोलायची हिंमत झाली नाही.

मग ती आली, त्या तरुणाची बायको. शाळेच्या फाटकाशी मुलीला सोडायला रोज यायची तीच. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती, हे मला तिचं तोंड पाहिल्यावर कळलं, कारण हजेरीत मी बापाचं नाव कधी नीट पाहिलं नव्हतं. ती घरी साड्यांना लेस लावायचं काम करायची. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी तितं व्हतात म्हनं."

मी होते म्हटलं.

"आमच्या मालकाचं नाव घेतलं का वो काकांनी?"

मी सगळं सांगितलं. शब्दाचा घोळ तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिला आनंद झाला. तो आनंद मी आयुष्यात विसरणार नाही. तिने माझे दोन्ही हात धरले. "मंग हे येवढंच हाय? येका शब्दाचंच? मंग त्येवढं सांगा की, बाई. तुमी शिकलेल्या. तुमचं ऐकतील." त्या सकाळी तिचा नवरा पाण्याच्या लायनीत उभा होता, असं तिचं म्हणणं. लायनीतली एक बाई हो म्हणायची, दुसरी म्हणायची तो आदल्या दिवशी होता, तिसरी म्हणायची मला यात घेऊ नका. मी तिला शब्द दिला की कोर्टात मी स्वतः उभी राहीन.

खात्याच्या फाटकासमोर एक पानवाला होता, ओडिशाकडचा. त्याने नानांसारखंच पाहिलं होतं, पिकल्या केसांचा, सडपातळ. आणि त्याचे कान शाबूत होते. सुरुवातीला त्याने नन्नाचा पाढा लावला, पण मी महिनाभर रोज शाळा सुटली की त्याच्या गल्ल्यापाशी उभी राहायचे. पान न खाणारी मास्तरीण रोज येऊन उभी राहते म्हणून लोक काय काय बोलू लागले. शेवटी तो कंटाळला की द्रवला कोण जाणे, "बोलूंगा, दीदी," म्हणाला. मी त्याच दिवशी त्याला त्या तरुणाच्या वकिलांकडे नेलं. त्या दिवशी मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.

तारखा पडत गेल्या. आणि मधेच प्लेग आला. ज्यांनी तो सप्टेंबर पाहिला त्यांना सांगायला नको. दोन दिवसांत अर्धं सुरत स्टेशनवर होतं, तोंडाला रुमाल बांधून. आई म्हणाली गावाला जाऊ, पण मी पानवाल्याच्या टपरीकडे पळाले. टपरीला कुलूप होतं. स्टेशनवर गेले. ओडिशाकडे जाणाऱ्या गाडीच्या प्रत्येक डब्याच्या खिडकीशी जाऊन पाहिलं, आणि प्रत्येक खिडकीत रुमाल बांधलेले चेहरे, नुसते डोळे. त्यातला तो कोणता हे मला ओळखता आलं नाही. तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या त्या गर्दीत मला पहिल्यांदा कळलं की एखाद्याला डोळ्यांनी पाहणं म्हणजे किती थोडं पाहणं असतं. प्लेग ओसरला, माणसं परतली, खाती सुरू झाली. पानवाला परतला नाही. त्याच्या गावाचं नाव कुणालाच धड सांगता येईना. वकिलांनी कोर्टातून काढलेलं समन्स तसंच परत आलं.

आता नाना आणि मी एवढेच उरलो होतो. आणि त्यातले नाना माझ्या हातून सुटू लागले. त्या तरुणाचा फोटो पेपरात येतच होता, दर तारखेला तो कोर्टात समोर दिसत होता. एका संध्याकाळी भाकरी खाताना नाना थांबले. म्हणाले, "आते माले तोच दिसस."

"कोण?" मी समोर जाऊन विचारलं.

"तो जाडा पोऱ्या. रिक्षामाईन उतरस, तं तोच उतरस. डोया मिटना का तोच मुखडा." आणि मग लहान मुलासारखे घाबरून मला म्हणाले, "पयला बारीकच व्हता ना व माय?"

मी हो म्हटलं. ठासून म्हटलं. मी तर तिथे नव्हतेच! मी काय पाहिलं होतं? पण मी त्यांना रोज तेच घोकवत राहिले, बारीक होता, डोकं पिकलेलं होतं, आणि घोकवताना मला माझीच किळस यायची. पोरांबरोबर मीही वरच्या वर्गावर गेले होते, तिथे चिडचिडी झाले. एकदा पाढा चुकला म्हणून तिच्या मुलीच्याच पाठीत धपाटा घातला आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन हुंदके दिले. रात्री झोप नाही, अन्न गोड नाही. साहेबांचा फोटो मी देवांशेजारून काढून ट्रंकेत ठेवला आणि आईने तो पुन्हा लावला.

नानांची साक्ष झाली तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. सरकारी वकील त्यांच्या बाजूला उभे राहून विचारत होते. नाना न्यायाधीशांच्या तोंडाकडे बघत होते, कारण मोठा माणूस बोलतोय असं त्यांना वाटलं. न्यायाधीश तर काही बोलतच नव्हते. "तुम्ही चौकीत याच माणसाकडे बोट दाखवलं, बरोबर?" नाना म्हणाले, "हां." मी मागून उभी राहून ओरडले, "नाना, इकडे बघा!" मला गप्प बसवलं गेलं. मग आरोपीचे वकील समोर आले, नीट तोंडासमोर, मी शिकवलं होतं तसे. तेव्हा नाना खरं बोलले. "पयला म्हंजे पयला. हाऊ नही." बोटही वर केलं. झालं! ते वाकडं बोट पुन्हा थेट पिंजऱ्याकडे झुकलं आणि कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकिलांनी जबाबाचा कागद काढला, सही दाखवली आणि साक्षीदार फितूर झाला असं जाहीर केलं. आरोपीच्या वकिलांनी मला हळूच सांगितलं की तो कागद पुरावा म्हणून चालत नाही, तो फक्त साक्षीदाराला खोटं पाडायला चालतो. नाना खाली उतरले आणि मला म्हणाले, "बरोबर सांगं ना?" मी मान हलवली. हां.

मग बचावाची साक्षीदार म्हणून मी. मी आदल्या रात्री सगळं लिहून पाठ केलं होतं. पयला, पहेलो, पेलो. मी इतकं स्वच्छ सांगितलं की न्यायाधीशांनी पेन खाली ठेवून ऐकलं. ती मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं.

सरकारी वकील उठले. त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. आवाज अगदी मऊ. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. ही ओळ वाचा."

मी वाचली. आता मला गुजराती चांगलं वाचता येत होतं. या एका कागदापायी मी ते शिकले होते. ओळीत ‘हे’ नव्हता. ‘पेला माणसे,’ मी वाचलं. त्या माणसाने.

"चौकीत तुम्ही हाच कागद वाचून दाखवलात?"

मी म्हणाले, मला वाटतं त्यात एक अक्षर जास्त होतं.

"वाटतं? हा कागद बदलला आहे असं तुमचं म्हणणं आहे का?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं मला ठाऊक नाही. पण मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि शपथ घेतली होती, आणि मी कशाला इतकी शहाणी झाले होते कुणास ठाऊक. मी म्हणाले, "माहीत नाही."

"तुम्ही वाचलंत, वडिलांनी ऐकलं आणि मान हलवली. बरोबर?"

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"मग त्यांनी तुमच्या ओठांवरून वाचलं असेल. तुम्हीच आत्ता सांगितलंत, ते उत्तम ओठ वाचतात."

 त्याच क्षणी मला चौकीतली मी दिसले. मान खाली, कागद डोळ्यांशी. आमच्या घरातलं शेंबडं पोरही ज्या नियमाने वागायचं, तो मी त्या एका दिवशी मोडला होता, आणि का, तर माझं अडखळणं कुणाला दिसू नये म्हणून. हे कोर्टात सांगितलं असतं तरी त्याने काय सिद्ध झालं असतं? मी खाली उतरले.

जन्मठेप झाली. कोर्टाने खाडीतलं पिस्तूल मानलं, महिन्याभराने आठवण झालेला एक रिक्षावाला मानला. नानांच्या साक्षीवर विसंबून राहता येत नाही, असं निकालात म्हटलं होतं. काही जण म्हणतात तसं, तो तरुण खरंच रिक्षातला दुसरा असेल, मागून उतरलेला. किंवा पाण्याच्या लायनीत असेल. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या शब्दानंतर पहिल्याला कुणी शोधलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. मी मान खाली घालून जात होते. "बाई," ती म्हणाली, "हिचा दाखला द्या. गावाकडं जातो." मी ऑफिसात बसून स्वतःच्या हाताने दाखला लिहिला. इयत्ता या रकान्यात ‘तिसरी’ लिहायचं होतं. मी ‘पहिली’ लिहिलं. तो कागद फाडून दुसरा लिहावा लागला. तिने तो पदराखाली धरला आणि गेली. मला दोष देणारा एक शब्द तिने कधीच उच्चारला नाही. उच्चारला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी नाना खाटेवर बसले होते. मी समोर जाऊन बसले, त्यांची नजर माझ्या तोंडावर येईपर्यंत थांबले. इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "नाना, चौकीत मी कागद वाचला, तेव्हा तुम्ही हां का म्हणालात? ऐकू आलं होतं?"

नाना माझ्याकडे बघून हसले. "माले काहीच आयकू ऊनं नही."

"मग?"

"तू वाची राहिंती ना. मंग बरोबरच व्हई."

 मी आणखी जवळ सरकले. ओठ सावकाश हलवले, एकेक शब्द सुटा करून, पहिलीच्या पोरांना शिकवतात तसा. "नाना, मी चुकीचं वाचलं."

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग ठामपणे मान हलवली.

"हां," म्हणाले.